लवंगेचा वास कुठे गेला?

१

हॉटेलवाल्या बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि तो घोट सरळ रुमालात थुंकला.

हॉलमधल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "मला गव्हाची काळी बिअर सांगितली होती. ही तर आंबट ढ्याण आहे!"

दुसऱ्या टेबलावरच्या पाहुण्याने ग्लास नाकापासून लांब धरला. तिसऱ्या टेबलावर कोणीतरी हसलं. हसलं! माझ्या आईच्या बिअरला! माझ्या हातात पाण्याचा जग होता. तो त्या माणसाच्या डोक्यावर कसा रिकामा केला नाही, ते माझं मलाच कळत नाही.

माझी आई ह्या ब्रुअरीत बिअर बनवते. ब्रुअरी लहानशी: तीन टाक्या, एक थंड खोली आणि पुढे हा हॉल, दारात शोभेची तांब्याची टाकी ठेवलेला. अख्खा हिवाळा आई एकाच बिअरच्या मागे लागली होती. गव्हाची, काळीभोर, नेहमीच्या बिअरच्या दुप्पट कडक. आज ती पाहुण्यांनी चाखायची होती. बाईंना पसंत पडली की त्यांच्या सगळ्या हॉटेलांत जाणार होती, आणि आई मुख्य ब्रुअर होणार होती. मालकांनी तसा शब्द दिला होता. लेबलवर पहिल्यांदाच आईचं नाव छापलं होतं.

त्याच लेबलची बाटली मालकांनी आईच्या तोंडासमोर धरली. आमचे मालक एरवी मांजराला सुद्धा "जरा सरका" म्हणणारे. आज त्यांचे कान लाल झाले होते.

"नाव तुमचं आहे ना ह्यावर? मग आता तुम्हीच प्या!"

आईने घोट घेतला. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला.

"मालक, ही माझी नाही. बाटल्या बदलल्यात कोणीतरी."

"वा! चांगली झाली असती तर तुमची, आणि बिघडली तर कोणाचीतरी?" मालक ओरडले. "उद्यापासून येऊ नका."

सगळ्यांसमोर. ज्या बाईने त्यांच्या टाक्या पोटच्या पोरांसारख्या घासल्या, तिला सगळ्यांसमोर!

मी बाईंचा ग्लास उचलला. प्यायला नाही, घाबरू नका. मला एक थेंबही चालत नाही, आणि त्या बाबतीत आई म्हणजे साक्षात यमाची मावशी आहे. पण वास घ्यायला कोणाची बंदी? आईची बिअर नाकाशी नेली की आधी पिकलेलं केळं येतं आणि मागोमाग लवंग. आत केळंही नसतं आणि लवंगही नसते. गव्हाच्या बिअरचं यीस्ट ते वास स्वतःच तयार करतं. सुरुवातीला घरी आईचे कितीतरी नमुने नासले होते. आंबट व्हायचे, पण त्या आंबटातूनही लवंग यायचीच.

ह्या ग्लासात केळं नव्हतं. लवंग नव्हती.

आई खरं बोलत होती.

२

"मालक, वास घेऊन बघा, ह्यात लवंगच…"

"शाळेत जातेस ना तू?" मालक म्हणाले. "मग शाळेतलं बघ."

बरं. शाळेतलं बघायचं तर शाळेतलं. विज्ञानाच्या तासाला आम्हाला शिकवलंय: आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. मालकांचं सगळंच उलटं.

पाहुणे जेवायला गेले. मी मागच्या अंगणात रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटपाशी बसले आणि एकेक बाटली उन्हात धरली.

आईची बिअर गाळत नाहीत. बाटलीत भरल्यावरही यीस्ट आत जिवंत असतं आणि हळूहळू तळाशी बसतं. मातकट, साईसारखा थर. खरी चव त्याच्यात. म्हणून उघडायच्या आधी थंड बाटली टेबलावर आडवी ठेवून तळहाताने दोनदा पुढे-मागे लाटायची, म्हणजे थर उठतो आणि ग्लासात उतरतो. आमच्याकडे ह्याला "बाटली जागी करणं" म्हणतात. कितीही लाटा, तळाच्या कडेला थोडं यीस्ट चिकटून राहतंच. ह्या बाटल्या धुताना माझी नखं झिजलीयत, मला नका सांगू.

त्या क्रेटमधल्या बाटल्यांचे तळ आरशासारखे स्वच्छ होते.

मी धावत आईकडे गेले. ती गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. गाडी मात्र बंद.

"आई, ही गाळलेली बिअर होती. बाजारातली कुठलीतरी काळी बिअर आणून आंबट केलीय आणि आपल्या बाटल्यांत भरलीय. तळ बघ!"

तिने बाटली पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हे कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही."

"मग दाखवू नकोस. ते म्हणतील, आम्हीच धुऊन आणली."

"मग काय गप्प बसायचं?"

"ठिणगे, मी दमलेय गं."

सगळे मला ठिणगी म्हणतात. का ते सांगायला नको. पण आई दमलेय म्हणते, तेव्हा माझी ठिणगी राहत नाही, वणवा होतो.

"थंड खोलीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?"

"माझ्याकडे होती. मालकांकडे आहे. टायकडे. आणि उस्तादांकडे."

उस्ताद म्हणजे आमचे सगळ्यात जुने ब्रुअर. म्हणजे तिघं. पाहुणे उद्या दुपारी निघणार होते. ते एकदा गेले, की आई जन्मभर "ती आंबट बिअरवाली" म्हणूनच राहिली असती. ह्या धंद्यात बिअरपेक्षा बदनामी जास्त दिवस टिकते.

आणि त्या तिघांपैकी एकाने हे ठरवून केलं होतं.

३

टाय म्हणजे आमचे विक्रीचे साहेब. अंगावर कायम टाय, म्हणून टाय. आईच्या बिअरला त्यांचा पहिल्यापासून विरोध. लोकांना हलकी, पिवळी बिअर हवी असते, हा त्यांचा पाढा. सकाळीच त्यांना थंड खोलीतून क्रेट नेताना मी ह्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या मते खटला निकाली निघाला होता. फक्त फाशी बाकी होती.

ते ऑफिसात फोनवर कोणाचीतरी माफी मागत होते. मी दार न वाजवता आत घुसले.

"सकाळी थंड खोलीतून क्रेट कुठे नेत होतात?"

त्यांनी फोन खाली ठेवला. "तू पोलीस आहेस का?"

"नाही. पण पोलिसांना फोन करता येतो मला."

"बर्फ होता त्यात! बर्फाच्या बादल्या तूच भरल्यास ना टेबलांवर? आणला कोणी तो? आकाशातून पडला?"

हे खरं होतं. बादल्यांतला बर्फ मीच भरला होता. तरी मी माघार घेतली नाही.

"तुम्हाला आईची बिअर नकोच होती."

"नकोच होती! तोंडावर सांगितलंय तिला. काळी, जड, त्यात ते बाटल्या लाटायचं नाटक. पाहुण्यांसमोर पोळ्या लाटल्यासारख्या बाटल्या लाटतोय मी! शर्टाची बाही बघ माझी."

पांढऱ्या बाहीवर मनगटापाशी तपकिरी डाग होते. लेबलं ऐनवेळी ऑफिसच्या प्रिंटरवर छापली होती. बर्फातल्या ओल्या बाटल्यांवर त्यांची शाई पसरली आणि हाताला लागेल तिथे डाग पडले.

"पण बाहेरच्यांपुढे मी ती बिअर विकणार होतो," टाय म्हणाले. "नावडती असली तरी विकतो मी. पगार त्याचाच घेतो. आज माझीही इज्जत गेली. ह्या बाईंना इथवर आणायला वर्षभर त्यांच्या मागे फिरलोय. कळलं? आता जा, नाहीतर तुझ्या आईला सांगेन."

"आईला तुम्ही काय सांगणार? तिला तर काढून टाकलंय!"

ते टाय सैल करत म्हणाले, "ते चूक झालं. पण मला काय विचारतेस, मी नाही काढलं."

बाहेर येऊन मी भिंतीला एक लाथ घातली. भिंतीला काही झालं नाही, अंगठ्याला झालं. माणूस इतका नावडता असावा आणि तरी खोटं बोलत नसावा, ह्यासारखा संताप नाही.

लंगडत वळले आणि जागच्या जागी थांबले. तपकिरी डाग. बाटली लाटली की डाग पडतो. बाहीवर पडतो, तर मग कापडावरही पडणारच!

४

तीन टेबलं होती आणि तीन ओतणारे. आई मधे उभी राहून माहिती सांगत होती. मालकांचं टेबल चौकोनी. टायचं लांब. बाईंचं मानाचं टेबल गोल, आणि तिथे उस्ताद ओतत होते. तीन टेबलांची तीन मापांची पांढरी कापडं सकाळी मीच अंथरली होती आणि पाहुणे उठल्यावर मीच त्यांचं बोचकं बांधलं होतं. मी ते धुण्याच्या खोलीतून ओढून काढलं आणि जमिनीवर पसरलं.

लांब कापड: तपकिरी पट्टेच पट्टे. टाय करवादत का होईना, पण लाटत होते.

चौकोनी कापड: तेच. मालकांचे पट्टे जरा वाकडे, पण पट्टे होते.

गोल कापड.

त्यावर बाटल्या उभ्या ठेवल्याच्या गोल खुणा होत्या. नुसत्या गोल खुणा. पट्टा एकही नव्हता.

मी कापड उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं केलं. मला रडू यायला लागलं आणि त्याचा आणखी राग आला.

कारण बाटली जागी करायची शिस्त ब्रुअरीला लावली ती उस्तादांनीच. आईला त्यांनी शिकवलं, आईला शिकवणारे तेवढे एकच. न लाटता बाटली उघडली म्हणून त्यांनी एकदा मालकांच्या हातावर फटका मारला होता. मालकांच्या! मी लहान असताना दुधाची बाटली लाटून दाखवायचे मला. असा माणूस मानाच्या टेबलावर, सगळ्यात मोठ्या पाहुणीसमोर, एकही बाटली जागी करत नाही?

टाय विसरले असते तर मी समजू शकले असते. मालक विसरले असते तर तेही चाललं असतं. उस्तादांचा हात विसरणं शक्य नव्हतं.

"काय चाललंय इथे?" मागे मालक उभे होते.

"एक विचारू? ओताना तुम्ही बाटल्या जाग्या केल्यात?"

"केल्या म्हणजे? प्रत्येक केली. आत गाळ आहे म्हटल्यावर करायला नको?"

"आत गाळ आहे असं तुम्हाला वाटत होतं."

"वाटत होतं म्हणजे? होताच!"

मला हवं होतं ते मिळालं. मालकांना अजूनही ती आईचीच बिअर वाटत होती. लाटणाऱ्या दोघांनाही माहीत नव्हतं. माहीत असलेला माणूस तिसरा होता.

"मालक, माझ्यावर ओरडायचं तर नंतर ओरडा. आत्ता फक्त माझ्याबरोबर चला आणि दाराबाहेर उभे राहा. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

मालकांना कोणी असं बोलत नाही. म्हणूनच बहुतेक ते आले.

५

उस्ताद धान्याच्या खोलीत पोत्यावर बसले होते. ओंजळीत गहू होता.

"ये ठिणगे. आई कशी आहे?"

त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात जाळ झाला, पण मी सरळ विचारलं.

"बाईंच्या टेबलावर तुम्ही बाटल्या जाग्या का नाही केल्यात?"

"केल्या की."

मी गोल कापड त्यांच्या पुढ्यात टाकलं.

त्यांनी ते पाहिलं. "विसरलो असेन. वय झालं आता. हात विसरतो."

"तुमचा हात? मालकांना फटका मारलात तेव्हा नाही विसरला! मी तीन वर्षांची असताना मला शिकवलंत, तेव्हा नाही विसरला! आणि आज, माझ्या आईच्या बिअरच्या वेळी विसरला?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! झोपलेली बाटली पाहुण्यांना द्यायची नाही, कोण म्हणायचं? यीस्ट आत झोपलंय, त्याचा मान ठेवा, कोण म्हणायचं?"

"अगं, जागं करायला आत काही असावं लागतं ना!" उस्ताद एकदम कडाडले. "नुसतं काळं पाणी होतं ते! त्याला काय लाटू? त्या खोट्या बाटलीवर हात फिरवायला हात वळेना माझा!"

बोलून गेले आणि थांबले. गहू बोटांमधून खाली सांडत राहिला.

"आत काही नाही हे आईला आणि मलाच माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते खाली वाकून सांडलेला गहू गोळा करू लागले.

"का?" मी विचारलं. माझा आवाज चिरकला. चिरकू दे.

"लेबल छापलं," ते म्हणाले. "माझं नाव नव्हतं त्यावर. तुझ्या आईला गहू हातात कसा धरायचा ते मी शिकवलं."

"मग भांडायचं होतंत! मालकांशी भांडायचं, आईशी भांडायचं!"

"भांडलोही असतो. पण त्याच्या आधी मी तिची बिअर चाखली. एकच घोट." त्यांनी मान खाली घातली. "त्यानंतर भांडायला तोंडच राहिलं नाही."

दार ढकलून मालक आत आले. त्यांचे कान आता पांढरे पडले होते.

"खऱ्या बाटल्या कुठे आहेत, उस्ताद? ओतून दिल्यात?"

"ती बिअर ओतून देणारा माणूस वाटलो मी तुम्हाला?" ह्या वेळीही त्यांना राग आला, तो ह्याचा! "हॉलच्या दारात शोभेची तांब्याची टाकी आहे. तिच्यात आहेत. बर्फ घालून."

म्हणजे सकाळपासून पाहुणे ज्या टाकीसमोर फोटो काढत होते, तिच्या पोटात आईचा अख्खा हिवाळा बसला होता!

६

मी आईला फोन करून बोलावून घेतलं. मालकांनी तिची माफी मागितली. मागितली, पण लगेच पुढे म्हणाले, "आता गाजावाजा नको करूया. उस्तादांचं नाव म्हणजे ब्रुअरीचं नाव. पाहुण्यांना सांगू की त्या पेटीत काही दोष होता. उद्या खरी पाजू. सगळं गोड होईल."

मी तोंड उघडलं, पण आईने माझा दंड धरला. दमलेल्या बाईची ती पकड नव्हती.

"दोष पेटीत नव्हता, मालक. मला सगळ्यांसमोर काढलंत. आता जे सांगायचं ते सगळ्यांसमोरच सांगा. नाहीतर ती टाकी माझ्या गाडीत चढवा, मी जाते दुसरीकडे."

"टाकी मावणार नाही," मागे येऊन उभे राहिलेले टाय मधेच म्हणाले. मग आईचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाले, "बाटल्या मावतील. मी चढवून देईन." आयुष्यात पहिल्यांदा मला तो माणूस थोडासा आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पुन्हा बसले, सामान पायाशी घेऊन. हॉटेलवाल्या बाई घड्याळ बघत होत्या. उस्ताद पुढे आले. त्यांना कोणी ढकललं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगते. त्याहून जास्त सांगणार नाही.

"कालच्या बाटल्या मी बदलल्या," ते म्हणाले. "बिअर हिची नव्हती. हिची बिअर मी लपवली होती."

काल हसलेला माणूस आज टेबलक्लॉथकडे बघत होता. मी त्याच्याकडे इतका वेळ रोखून पाहिलं की त्याने खुर्चीच फिरवली.

आईने बाटली आडवी ठेवली, लाटली, उघडली. ओतताना ग्लासात काळोख चढत गेला. खिडकीपाशी धरल्यावर त्याला कडेने माणकासारखी लाल झाक होती, आणि वर बोटभर फेस आला तो हलेचना. मी तर जग घेऊन चार हात लांब होते. तरी वास पोचला. आधी केळं. मग लवंग. नंतर भाजलेल्या पावाच्या कडेसारखं काहीतरी.

हॉटेलवाल्या बाईंनी घोट घेतला. रुमाल तिथेच पडून राहिला. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. घड्याळ बघणं बंद झालं.

एक ग्लास आईने उस्तादांसमोर ठेवला.

"घ्या. चाखा आणि सांगा. ह्यांना तुमची जीभ माहीत आहे."

त्यांनी घोट तोंडात धरला. किती वेळ धरला! गिळला, आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"माझ्या हातून अशी कधी झाली नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, आता आई विरघळणार. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती त्यांच्याकडे वळली आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, नको, आई, माफ नको करू, इतक्यात नको.

"हे परवा म्हणाला असतात, उस्ताद," ती म्हणाली, "तर लेबलवर मी स्वतः तुमचं नाव माझ्या वर छापलं असतं. एवढंच म्हणायचं होतं तुम्हाला. त्यासाठी माझ्या तोंडाला काळं फासायची काय गरज होती?"

उस्तादांनी कोट उचलला. दारापाशी माझ्यासमोर क्षणभर थांबले, माझ्या डोक्याकडे त्यांचा हात उचलला गेला. मी बाजूला झाले. हात तसाच खाली गेला आणि ते बाहेर पडले.

मला वाईट वाटलं का? वाटलं. मग त्याचाही राग आला.

मालक घसा खाकरून म्हणाले, "तर मंडळी, आमच्या ब्रुअरीची ही नवीन…"

"थांबा," आई म्हणाली.

ती मधल्या मोकळ्या जागेत आली, जिथे काल उभी होती तिथेच. हातातलं फडकं तिने खांद्यावर टाकलं.

"बाई, काल तुम्ही विचारलंत, हे काय आहे. आता सांगते. ही गव्हाची काळी बिअर आहे, आणि ही मी बनवलीय."

तिचा आवाज रागाने थरथरत होता. थरथरू दे.